शांतूच्या पाण्यात कुणाचा हात?

सकाळचा चहा अजून कपात ओतला नव्हता, तेवढ्यात माशाच्या टबातल्या खड्यानं तोंड उघडलं.

"शांतूच्या पाण्यात रोगाचे जंतू पुन्हा वाढले आहेत," ओट्यावर ठेवलेल्या त्रिशलाच्या फोनमधून तो सभ्य आवाजात म्हणाला. "ही वाढ आपोआप झालेली नाही. पाण्यात बाहेरून भर पडली आहे."

सन्मती अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. त्रिशलानं गॅस बारीक केला. त्याची आई पद्माक्का बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, जिनदर्शन घेऊन नुकत्याच परतल्या होत्या, त्या चप्पल काढता काढता थांबल्या. घरात माणसं तीन आणि मासा एक. माशानं स्वतःच स्वतःचा रोग वाढवून घेतला नसेल, तर उरलेल्या तिघांतलं कुणीतरी हे करत होतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्या दिवशीचा चहा जास्त उकळून कडू झाला.

शांतू हा फायटर मासा. जयसिंगपुरातल्या मगदुमांच्या जैन घरात, जिथं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत आणि मुंगीच्या वाटेवर पाय पडू देत नाहीत, तिथं दुसऱ्या नराला पाहिलं की अंगावर धावून जाणारा मासा कसा आला, याची गल्लीला मोठी गंमत वाटायची. शेजारचं कुटुंब कायमचं परदेशी निघालं तेव्हा त्यांची मुलं निळ्या शेपटीचा हा मासा ओढ्यात सोडायला निघाली होती. पद्माक्कांनी त्यांना दारात अडवलं, काचेचं भांडं हातातून घेतलं आणि 'ह्याला अभय दिलं' असं जाहीर केलं. लढाऊ स्वभाव जरा निवळावा म्हणून नाव ठेवलं शांतू.

अडचण खाण्याची होती. फायटर अळ्या खातो, आणि त्या घरात अळी विकत आणून कुणाला चारणं शक्य नव्हतं. पण तोवर कारखान्याच्या हौदात प्रथिनं वाढवून त्यांचे दाणे करायला सुरुवात झाली होती, ज्यात ना किडा ना अळी. आक्कांनी डबीवरचा मजकूर सुनेकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच पहिला दाणा टाकला.

नवरा गेल्यापासून आक्कांचं बोलणं कमी झालं होतं. ते शांतूपाशी पुन्हा सुरू झालं. त्या समोर बसल्या की तो काचेपाशी येऊन पर पसरायचा. सून-मुलाला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्या माशाला ठाऊक होत्या, असं सन्मती चेष्टेनं म्हणायचा. ते खरंही होतं.

मग शांतूनं खाणं सोडलं. तो तळाशी पडून राहू लागला, पोट फुगलं, अंगावरचे खवले सीताफळाच्या सालीसारखे उभे राहिले. पूर्वी माशाचा डॉक्टर म्हटलं की लोक हसायचे, आता सांगलीत दोन होते. त्यातले डॉ. निहाल शिकलगार यांनी फोनवरच पाहून सांगितलं की हा जलोदर आहे, आतली इंद्रियं थकली की शरीरात पाणी साठतं, आणि या अवस्थेतून फार थोडे मासे परत येतात.

आक्का म्हणाल्या, "मी अभय दिलंय त्याला. काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं घरानं केलं. फायटर पाण्याबाहेरची हवाही घेतो, त्यासाठी त्याला वर यावं लागतं, आणि आजारी माशाला ती चढण झेपत नाही. म्हणून त्याला उथळ, पसरट टबात हलवलं. पाणी कोमट राहावं म्हणून छोटा हीटर लावला. एप्सम मीठ मोजून टाकलं. रस्त्याकडेच्या जंगली बदामाची वाळलेली पानं धुऊन पाण्यात सोडली, त्यानं पाणी फिक्या चहासारखं झालं. रोज सकाळी टबातलं थोडं पाणी नळीनं काढायचं आणि तितकंच, रात्रभर उघडं ठेवून मुरवलेलं नवं पाणी घालायचं. काढण्याचं काम त्रिशलाचं किंवा सन्मतीचं. बादली मोरीत नेऊन ओतायचं काम आक्कांनी मागून घेतलं.

आणि खडा. त्याचं खरं नाव नाडीखडा, आवळ्याएवढा, राखी रंगाचा. पाण्यात टाकला की पाण्यात विरघळलेला एकेक रेणू तो ओळखायचा. कोणतं औषध किती आहे, कोणते जंतू किती आहेत, इतकंच नव्हे तर पाण्यात बुडालेल्या हाताची सुटलेली त्वचा कुणाची आहे, हेही. त्याच्या पोटात भक्षकाणू वाढायचे. हे जंतूंहून कितीतरी लहान, आणि एकाच जातीच्या जंतूंना गाठून संपवणारे. बाकी कशाला धक्का लावायचे नाहीत. विहिरींत आणि सोसायट्यांच्या टाक्यांत तेव्हा असे खडे पडलेले असत. माशासाठी मात्र घरात घेतलेला तो पहिलाच.

तो टबात सोडताना आक्कांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "खातात म्हंजे मारतातच न्हवं?"

"फार बारीक असतात हो आक्का ते," डॉक्टर हसून म्हणाले होते.

सुरुवातीला जंतू झपाट्यानं कमी झाले. शांतूनं एक दाणा खाल्ला, तेव्हा आक्कांनी शिरा केला. आणि मग रोज सकाळी ही बातमी येऊ लागली. रात्रभर भक्षकांनी कमी केलेले जंतू सकाळी पुन्हा वाढलेले.

सन्मतीचा पहिला संशय खड्यावर. तो सूतगिरणीत यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा आणि कोणत्याही यंत्रावर, विशेषतः ज्याचे सुटे भाग एकाच कंपनीकडे मिळतात त्यावर, त्याचा विश्वास नसे. रोगही हेच सोडतात आणि औषधही हेच विकतात, असं त्यानं जेवताना जाहीर केलं. मग गिरणीतल्या मित्राचा खडा मागून आणला आणि दोन्ही खडे शेजारी शेजारी ठेवले. दोघांनी एकच सांगितलं. सन्मतीनं मित्राचा खडा परत केला आणि तो विषय सोडून दिला.

आक्कांचा संशयही खड्यावरच होता, पण वेगळा. तो बोलका दगड टबात पडल्यापासून शांतू दचकून असतो, त्याला धड झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सून-मुलगा ऐकून घ्यायचे आणि खड्याचा आवाज थोडा कमी करायचे.

त्रिशला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. माहेर पुण्याचं, जैनच, पण तिथं कांदा-लसूण सोडण्यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. तिनं संशय असा उगाच कुणावर घेतला नाही, तिनं तो गणित मांडून काढला. ती लवकर कॉलेजला जायची त्या दिवशी पाणी सन्मती बदलायचा, तरी जंतू वाढायचे. सन्मतीची पहिली पाळी असायची तेव्हा पाणी ती बदलायची, तरी वाढायचे. एकदाच वाढले नव्हते. त्या दिवशी आक्का पहाटेच बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला गेल्या होत्या.

"आई गंधोदक घालत असतील," ती सन्मतीला म्हणाली. मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी आक्का रोज वाटीतून घरी आणत. त्यात दूध, चंदन काय काय असतं. भक्तीनं घातलं असेल, पण माशाच्या जिवावर उठतंय.

सन्मतीला ते पटलं, पण आईला विचारायची हिंमत होईना. आई आणि बायको यांच्यामध्ये तो अडकित्त्यातल्या सुपारीसारखा झाला होता. शेवटी तोडगा खड्यानंच सुचवला. "टबातल्या पाण्यात तीन व्यक्तींच्या त्वचेचे अंश आहेत. ओळख पटवायची असल्यास प्रत्येकानं वाटीतल्या पाण्यात बोट बुडवावं."

दुपारी टेबलावर तीन वाट्या मांडल्या गेल्या. सन्मतीनं बोट बुडवलं आणि उगाच हसला. त्रिशलानं बुडवलं. आक्का पदराला हात पुसून आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि लहान मूल लस टोचून घेताना दुसरीकडे बघतं तसं खिडकीबाहेर बघत त्यांनी बोट बुडवलं. स्वतःच्या घरात आपल्याला चोरासारखं उभं केलंय हे त्यांना कळलं होतं. ते त्यांना कळलंय हे त्रिशलालाही कळलं, आणि तरी तिनं वाटी सरळ करून खडा तीत सोडला.

प्रत्येक वेळी जंतू वाढण्याच्या थोडं आधी पाण्यात गेलेला हात तिसऱ्या वाटीचा होता.

"हात तर घालतेच की," आक्का म्हणाल्या. "रोज घालते. माझा मासा हाय त्यो."

त्रिशलानं गंधोदकाचं विचारलं. आक्कांना नवल वाटलं, गंधोदक त्या डोळ्यांना लावत, माशाला कशाला घालतील.

"मग तुम्ही पाण्यात टाकता तरी काय, आई?"

"काय न्हाई टाकत."

त्या हे इतकं सहज म्हणाल्या की सन्मतीनं मान खाली घातली. आपली आई खोटं बोलते हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं, असं त्याला वाटलं. त्याला रडू आलं, ते त्यानं खोकल्यावर निभावलं.

त्या संध्याकाळी त्रिशलानं टब आपल्या खोलीत हलवला. तिथं ऊब जास्त असते, असं कारण दिलं. कॉलेजला जाताना ती खोलीला कडी घालू लागली, मग कुलूप. आक्का रोज सकाळी दाराबाहेर उभ्या राहत, आतून पाण्याचा आवाज ऐकत आणि वळून जात. जेवायला बोलावलं की 'आज उपास हाय' म्हणत. उपासांना तिथी असते, आक्कांच्या या उपासांना नव्हती. कुलूप मात्र कुणी काढलं नाही, कारण शांतू सुधारत होता. खवले थोडे बसले. जंतू उतरले. पुरावा इतका स्वच्छ होता की त्रिशलाला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

आणि मग बंद खोलीत, जिथं आक्कांची सावलीही पोचत नव्हती, तिथं जंतू पुन्हा वाढू लागले. या वेळी थांबेचनात. शांतू कुशीवर पडला.

त्रिशलानं आधी कुलपाच्या किल्ल्या तपासल्या. मग खड्याला विचारलं, माझ्यामागे पाण्यात कुणाचा हात गेला का? गेला नव्हता. तिनं पुन्हा विचारलं. आता बोट ठेवायला कुणी उरलं नव्हतं, तरी मनातला संशय उठायला तयार नव्हता. आपण उत्तर शोधतोय की आक्कांचं नाव ऐकायला बसलोय, हे तिचं तिलाच कळेना.

डॉ. शिकलगार या वेळी फोनवर न बघता सांगलीहून स्वतः आले. त्यांनी टबातलं पाणी आपल्या पेटीतल्या यंत्रात घातलं आणि चहा घेईपर्यंत त्यात डोकावत राहिले.

"जंतू जातीनं तेच आहेत," ते म्हणाले, "पण पहिल्या दिवसाचे नाहीत. असं बघा, भक्षकांनी हल्ला केला की हजारातला एखादा वाचतो. तो बहुतेक बाहेर काढलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातो आणि गोष्ट संपते. तुमच्याकडे गेला नाही. वाचलेल्यांना कुणीतरी रोज गोळा करून परत टबात आणून सोडलंय. त्यांची पोरं पुन्हा भक्षकांशी लढली, त्यातले वाचलेले पुन्हा परत. शेवटी अशी पिढी तयार झाली की खड्यातले भक्षक त्यांना ओळखतच नाहीत. आता कुणी हात घालायचीही गरज नाही." त्यांनी चष्मा काढला. "आणि पाण्यात सुती धागे आहेत. तुम्ही हे पाणी कशातून गाळता का?"

त्रिशलाची नजर स्वयंपाकघराच्या नळाकडे गेली. तिथं दुहेरी घडीचं पांढरं फडकं बांधलेलं होतं. लग्न होऊन आल्यापासून ते तिथंच होतं. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, तरी आक्का ते रोज धुऊन पुन्हा बांधायच्या. शेजारी दांडीवर तसंच दुसरं एक वाळत होतं. ते कशासाठी असतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

आक्कांना बोलावलं. त्यांनी काहीच लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बादलीतलं पाणी त्या फडक्यातून मोरीत गाळत. गाळलेलं पाणी वाहून जाई. फडक्यावर जो चिकट गाळ राही, ती जिवाणी. गाळताना अडकलेले जीव. ती त्या फडकं उलटं करून टबातल्या पाण्यात अलगद धुवत.

"पण आई, तुम्ही तर म्हणालात की काही टाकत नाही."

"टाकलं कुठं?" आक्का म्हणाल्या. "ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात परत सोडायचे. त्यांचं घर हाय ते. नळाच्या पाण्याचं मला काय कळत न्हाई, कुठनं येतंय, परत कुठं सोडायचं. इतकी वर्सं फडकं धुताना वाईट वाटायचं बघ. ह्या टबाचं तरी ठावं होतं."

सन्मतीला नेज गावची आजोळची विहीर आठवली. त्याची आई काठावर वाकलेली, आणि हातात जिवाणीचा, तळालाही दोरी बांधलेला छोटा गडवा. तो पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा आणि मग तळाची दोरी ओढून उलटा करायचा, उंचावरून पडून जीवांना मार लागू नये म्हणून. हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. आईवर संशय घेताना त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

आक्का मात्र डॉक्टरांकडे बघत होत्या. यंत्रापुढं सुरू असलेलं बोलणं त्यांना हळूहळू उलगडत होतं.

"म्हंजे माझ्यामुळंच शांतू असा झाला?"

खड्याचा आवाज बंद करून ठेवलेला होता, हे त्यातल्या त्यात बरं.

डॉक्टरांनी सांगितलं की अजून एक रस्ता आहे. हेच हट्टी झालेले जंतू प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्यावर नवे भक्षक पोसायचे. जे त्यांना खायला शिकतील, ते शांतूच्या पाण्यात सोडायचे. दोन-तीन दिवसांत होईल, मासा तेवढा तगला तर. पण त्यासाठी जिवाणी लागेल, भरपूर, आणि नंतर टब, फडकी, पाणी सगळं उकळून टाकावं लागेल. आक्कांचा मासा, आक्कांची जिवाणी, तेव्हा आक्कांनी हो म्हटल्याशिवाय ते काही नेणार नव्हते.

आक्का टबाशी जाऊन बसल्या. शांतू एका कल्ल्यानं श्वास ओढत होता.

"त्यांना कळतंय काय?" त्यांनी विचारलं. "मरताना?"

डॉक्टर तरुण होते, आणि या वेळी ते हसले नाहीत. "एक जंतू फुटला की त्याच्यातून काही रेणू सांडतात. ते पोचले की भोवतालचे जंतू सावध होतात, आपल्या भिंती जाड करतात. खडा तो इशारा मोजू शकतो. त्याला भीती म्हणायचं का, ते मला सांगता येत नाही आक्का."

"मलाबी माशाची भीती कुठं मोजता येती," आक्का म्हणाल्या. "बघून वाटतंय आपलं."

त्या उठून बस्तीत गेल्या. दुपार उलटून गेली. सन्मती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. त्रिशलानं कडी-कुलूप ड्रॉवरच्या अगदी तळाशी टाकलं. आक्का परतल्या तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं.

"निम्मे घ्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "शांतूसाठी घ्या, ते पाप माझ्या माथ्यावर. निम्मे हितं राहतील, बरणीत. सगळेच्या सगळे न्हाई मारू द्यायची मी. त्यांनी काय केलंय?"

त्यांनी शेवटचं एकदा पाणी गाळलं. एक फडकं डॉक्टरांच्या डबीत गेलं, दुसरं काचेच्या बरणीत धुतलं गेलं. डॉक्टर जाताना सन्मती आणि त्रिशला त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. तिथं त्यांनी आवाज खाली केला. हे जंतू एरवी माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण उघड्या जखमेतून शिरतात, आणि आता यांच्यावर साधी औषधं चालतील याची खात्री नाही. आक्कांना मधुमेह. टाचा भेगाळलेल्या, बोटाला विळीचं कापलेलं. बरणी घरात ठेवू नका, मोरीतही ओतू नका, उकळून टाका.

सन्मती म्हणाला, माझ्यानं होणार नाही. त्रिशलानं केलं. आक्का दुसऱ्या दिवशी बस्तीत गेल्या असताना तिनं बरणीतलं पाणी कुकरमध्ये घालून भरपूर शिट्ट्या होऊ दिल्या. बरणी गरम पाण्यानं विसळली. बदामाच्या पानांचं पाणी उकळून, निववून, तितकंच भरलं. रंग हुबेहूब जमला. बरणी गॅलरीत सावलीला होती तिथं परत ठेवली, झाकणाची फिरकीही होती तशीच अर्धी सैल. आक्कांच्या जिवासाठी आपण हे केलं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते खरं होतं. हात मात्र तिनं पुन्हा पुन्हा धुतले.

नवे भक्षक आले. शांतू तगला होता. खड्याचे आकडे उतरत गेले आणि उतरतच राहिले. एके सकाळी खवले अंगाला बसलेले दिसले, मग त्यानं दाणा घेतला, मग टबाच्या कोपऱ्यात पाण्यावर बुडबुड्यांचा एक पांढरा पुंजका दिसू लागला. फायटर नर धडधाकट असला की असं फेसाचं घरटं बांधतो, पिल्लं असोत नसोत. आक्का ते बघून मोकळेपणानं हसल्या. उपास संपले. टब त्यांच्या खोलीत परत गेला आणि त्या पुन्हा माशाशी बोलू लागल्या, बहुतेक सगळं.

आता त्यांचा आणखी एक नेम झाला होता. शांतूला दाणे घातले की त्या गॅलरीत जात, बरणीचं झाकण उघडत, एक दाणा चिमटीत चुरून आत सोडत आणि झाकण लावत. त्रिशला कपडे वाळत घालण्याच्या निमित्तानं तिथं असे. बरणीत आता भिण्यासारखं काही नाही, हे ती मनात म्हणत असे.

"जिवंत हायत न्हवं गं ते?" आक्कांनी एकदा सहज विचारलं. "मला काय दिसत न्हाई त्यात."

"हो, आहेत की." आणि पुढचं वाक्य त्रिशलाच्या तोंडून आपोआप निघून गेलं, कारण आक्कांच्या जागी ती स्वतः असती तर तिनं तेच केलं असतं. "खडा टाकून बघायचा का?"

बोलली आणि दांडीवर घातलेला कपडा तिनं पुन्हा काढून झटकला.

"कशाला?" आक्का झाकण फिरवत म्हणाल्या. "तू म्हणतीस तर हायत. घरच्या माणसाच्या शब्दाला काय खडा लावून बघायचं?"

त्यांच्या आवाजात टोमणा असेल म्हणून त्रिशला तो शोधत राहिली. दिवसभर शोधला. नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळच्या उन्हात, तिला बरणीतलं पाणी वेगळं दिसलं. ती वाकली. पाण्यावर पातळ साय धरली होती आणि खाली, आक्कांनी चुरलेल्या दाण्यांभोवती, धुरकट काहीतरी दाटत होतं. तिनं बरणी हलवली. ते हललं, फाटलं आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा एकमेकांना चिकटू लागलं.

हवेतून पडलेले कुणी नवे असतील. झाकण उघडं पडतं, दाणा पडतो, बोटं लागतात, तिथं काही ना काही रुजणारच. किंवा मग तेच. पाणी तिनं उकळलं होतं, बरणी नुसती विसळली होती, आणि या जातीनं आत्तापर्यंत काय काय सोसून दाखवलं होतं ते तिनं यंत्रावर पाहिलं होतं. नवे असतील तर आक्कांच्या बोटाला काही धोका नाही, पण तिनं घरात खोटं सांगितलं ते कायमचं खोटं राहील. तेच असतील तर ती खोटं बोललेलीच नव्हती.

आतून आक्कांचा शांतूशी बोलण्याचा आवाज येत होता. जरा वेळानं त्या दाण्यांची डबी घेऊन गॅलरीत येणार होत्या. खडा टबातून काढून आणायला पाच पावलं, आणि तो सांगायला एक क्षणही घेणार नव्हता. त्रिशला बरणी छातीशी धरून तशीच उभी राहिली. खडा टाकावा तर खरा, पण त्यानं काय सांगितलं तर आपल्याला बरं वाटेल?